अठ्ठावन्न दात्यांचं चाक

घाटात आराउकारियाचं एक झाड रस्त्यावर आडवं झालं, म्हणून हे सगळं घडलं. ते पडलं नसतं तर जांदीर आपली जुनी बीटल दुधाच्या ट्रकमागे बांधून सरळ शहरात गेला असता. आणि रोझिले आपल्या लेथ मशीनपाशी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची पिन घडवत राहिली असती. पण जुलै महिना, डोंगरावरचा बारीक, बोचरा पाऊस. मातीने धरलेलं मूळ सोडलं. झाड पडलं. शहराकडे निघालेला ट्रक बोनातोंच्या वर्कशॉपच्या पागोळीखाली येऊन थांबला.

वर्कशॉपच्या दारावर रोझिलेच्या बापाने, ओस्विनो बोनातोने, फार वर्षांपूर्वी लाल रंगात लिहून ठेवलं होतं : काम असेल त्याने आत यावं. नसेल त्याने बाकावर बसावं.

बाक बाहेर, पागोळीखाली. त्यावर सकाळ-संध्याकाळ ओस्विनो आणि त्याचा म्हातारा दोस्त आल्सीदेस बसलेले असत. मध्ये शिमारांवचा तुंबा फिरे. हिरव्या पाल्याचं कडू, गरम पाणी, एकच नळी, ज्याची पाळी त्याने ओढायचं. आलागेला कुणीही त्या फेऱ्यात बसे. फेऱ्यातून कुणाला वगळायचं नाही, एवढा एकच नेम.

रोझिलेने खिडकीतून पाहिलं. ओला झालेला एक पोरगा बाकावर बसला होता, हातात तुंबा होता, आणि तो पाणी ओढायचं सोडून आत बघत होता. नळीतून नुसती हवा घुरघुरली तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिने लेथ बंद केला. दारात आली.

"काम आहे, की नुसतं बसायचंय?"

"काम आहे." तो उठला. मग इकडे तिकडे पाहिलं, जणू ते काम कुठेतरी ठेवलंय आणि सापडत नाहीये. "चाक हवंय. दात्यांचं. बीटलच्या पुलीवर बसवायला."

"शहरात तयार मिळतात."

"तिकडेच चाललो होतो. पण माझी पुली जुनी, मामाने कधीतरी स्वतः घडवलेली. तिच्यावर तयार चाक बसेल असं वाटत नाही." घाटाकडे मान करून म्हणाला, "आणि रस्ता बंद आहे."

"डिस्ट्रिब्युटर?"

"काढून टाकला. कॉम्प्युटरचा डबा बसवलाय. पेट्रोल, ठिणगी, सगळं तोच बघणार. पण इंजिनाचा दांडा, क्रँक, कुठवर फिरलाय ते त्याला कुणीतरी सांगायला हवं ना."

"म्हणजे साठातले दोन गाळायचे."

त्याने भुवया उंचावल्या. "तुम्हाला माहितीय?"

"मी बाकावर बसत नाही," रोझिले म्हणाली, आणि आत वळली. तिच्या केसांत पोलादाची एक निळी कातरण अडकली होती, गोल, फुलासारखी. तिला पत्ता नव्हता. त्याला होता.

आल्सीदेस मागून ओरडला, "अगं, साठ कापायचे आणि दोन गाळायचे? मग आधीच अठ्ठावन्न का नाही कापत?"

"काका, सगळे दाते सारख्या अंतरावर असले तर चाक फिरतंय एवढंच कळतं. कुठे आलंय ते नाही कळत. रिकामी जागा समोरून गेली की डबा म्हणतो, हं, इथून मोजायचं."

"मग माझं काय? माझ्या तोंडात चारच उरलेत. डब्याला वेड लागेल."

पाच वाजेपर्यंत पाऊस थांबला नाही. झाडही कुणी हलवलं नाही.

*

या चाकावर काय अवलंबून आहे ते जांदीरला ठाऊक नव्हतं. रोझिलेने बापाला बजावलं होतं, बोलायचं नाही.

ओस्विनोचे हात दोन वर्षांपासून थरथरत. लेथ रोझिलेच्या हातात आला, आणि गिऱ्हाईकं हळूहळू डोंगर उतरून शहराकडे गेली. तिचं काम वाईट म्हणून नव्हे. ते काम कुणी पाहिलंच नव्हतं म्हणून. शापेकोच्या एका व्यापाऱ्याने लेथ विकत मागितला होता. तो शनिवारी दुपारी ट्रक घेऊन यायचा होता. बाप लेकीला म्हणाला होता, "शनिवारी मातीच्या ट्रॅकवर शर्यतीचा सराव. सगळे ड्रायव्हर येतील. त्या पोराची गाडी तुझ्या चाकावर ट्रॅकवर उतरली, तर लेथ इथेच राहील. तुझ्या दाराशी रांग लागेल. नाही उतरली, तर... मला तुला रिकाम्या वर्कशॉपमध्ये म्हातारी करायची नाहीये, पोरी."

तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच तिला उलट उत्तर देता आलं नाही.

तिने चाक कापलं. चार मिलिमीटरचा पत्रा, कडेला एकेक दाता, मोजून, फिरवून, पुन्हा मोजून. शून्याची रेघ कोरली. त्या रेघेपासून मोजत गेली, आणि जिथे रिकामी जागा हवी तिथले दोन दाते उडवले. पोलाद तापल्याचा वास सुटला. तिला तो वास लहानपणापासून भाकरीच्या वासासारखा वाटे.

सोमवारी संध्याकाळी दोघं बीटलच्या मागे, थंड जमिनीवर, शेजारी शेजारी आडवी झाली. या गाडीचं इंजिन मागे, आणि पुली त्याच्याही तळाशी. तीन बोल्ट आवळले. चाकासमोर दाते मोजणारा सेन्सर बसवायचा होता.

"अंतर किती ठेवायचं?" जांदीरने विचारलं.

रोझिलेने खिशातून एक कार्ड काढलं. गेल्या निवडणुकीत वाटलेलं, टाय घातलेल्या उमेदवाराचा हसरा फोटो. तिने ते मध्यावर दुमडलं, पुन्हा दुमडलं.

"हा माणूस?"

"पडला निवडणुकीत. पण जाडी बरोबर भरते." तिने कार्ड चाक आणि सेन्सरच्या मध्ये सरकवलं. "लांब राहिला तर त्याला काही ऐकू येत नाही. चिकटला तर दाता घासतो, दोघंही जातात. एवढंच. ...तुमचं बोट काढा."

"ते तुमचं बोट आहे."

ते तिचं नव्हतं. पण तिने पाहून मग सांगितलं, "नाहीये." आणि तोवर जरा वेळ गेला होता.

"हे कार्ड मी ठेवू?"

"कशाला? त्याला मत देणार?"

"पुढच्या वेळी. बिचाऱ्याने कुणासाठी तरी अंतर धरलं."

ती हसली नाही. पण बोल्ट आवळताना तिने पाना उलट्या बाजूने लावला, आणि तो मुद्दामच उलटा लावला असं दाखवलं.

स्टार्टर मारला. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग सायलेन्सरमधून असा धडाका झाला की बाकावरून आल्सीदेसचा तुंबा पडला. कार्बोरेटर जिथे असायचा तिथल्या तोंडातून एक पिवळी जीभ बाहेर येऊन परत आत गेली.

"टायमिंग लाइट लावून बघा," रोझिले म्हणाली. "रेघ कुठे दिसते?"

लाइट जांदीरची होती. त्याने वायर लावली, वाकला. स्टार्टर फिरत असताना लाइट चमकली, चमकली, चमकली. त्या चमकण्यात तिला त्याचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसला; पापणी, मग ओठ, मग पुन्हा पापणी. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"काय म्हणते?"

"रेघ..." तो उठला, हात पुसले. "रेघ जागेवर आहे."

"मग?"

"मग बघू. उद्या येतो."

*

तो आला. दुधाची फेरी संपवून, अंगाला दुधाचा आणि डिझेलचा वास घेऊन. एका बाटलीत साय आणली होती, वरच्या वाडीतल्या बाईने दिलेली. सेन्सरची वायर बदलली. इंजिन खोकलं. बॅटरी बदलली. इंजिनाने आग ओकली. दरवेळी तो मान हलवी, फार दुःखी झाल्यासारखा. आणि मग फार दुःख न झाल्यासारखा चुलीपाशी बसे. चुलीवर आराउकारियाच्या बिया फुटत. तो त्या सोलून तिच्यापुढे ठेवी.

"दुधाच्या ट्रकवाल्याला एवढा वेळ असतो?" रोझिले विचारी.

"गाई सकाळीच देतात. संध्याकाळी त्यांना माझं काही काम नसतं."

"आणि इथे कुणाला असतं?"

"चाकाला."

बाकावरून आल्सीदेस ऐके. तरुणपणी जत्रांमधून तो सामन्यात उभ्या उभ्या कडवी जोडायचा, समोरच्याला टोमणे मारायचा. ती खोड गेली नव्हती. तो दारात डोकं घालून गायला :

"चाक फिरं गरागरा, दाते त्याचे साठ,
दोन कुठं गळाले गं, कोण बघतंय वाट?
आग ओकं इंजिन, धूर जाई वर,
कशाला गं दुरुस्ती, चालू दे वर्षभर!"

"काका, तुमचे उरलेले चार मी मोफत गाळून देईन," रोझिले म्हणाली. कान मात्र लाल झाले. जांदीर हसायला हवा होता. तो हसला नाही, बियांच्या टरफलांकडे बघत राहिला.

तो गेल्यावर ती चाक काढून घेई. एकेक दाता मापून बघे. सगळं बरोबर. पुन्हा मापी. रेघ जागेवर, अंतर बरोबर, वायर नवी. म्हणजे चूक दात्यांतच असणार. म्हणजे हातात. ती आपल्या हातांकडे बघायला लागली. बापाचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यालाही आधी काही दिसलं नव्हतं म्हणे. तिने हात दिव्यासमोर पसरून धरले. थरथरत नव्हते. तरी तिचा विश्वास बसेना.

तिने नवा पत्रा घेतला आणि दुसरं चाक कापलं. पहिल्याहून सावकाश, पहिल्याहून बारीक. ज्या सवयीने पहिलं मोजलं होतं, त्याच सवयीने हेही मोजलं.

शुक्रवारी जांदीर आला तो दारातूनच काहीतरी बोलायच्या तयारीने. तोंड उघडलं, आणि कामाच्या टेबलावर ते नवं चाक दिसलं. शेजारी तिचे हात. बोटांवर पट्ट्या.

"तुम्ही... दुसरं कापलंत?"

"पहिल्यात माझी चूक होती."

"कुठली?"

"सापडली नाही. म्हणून सगळंच पुन्हा केलं." तिने चाक त्याच्याकडे सरकवलं. "बसवा."

त्याने बसवलं. इंजिन खोकलं, आग ओकलं. रोझिलेने मान हलवली आणि दिवा मालवला. "जा तुम्ही. शनिवारी शहरात न्या गाडी. रस्ता उघडलाय."

तो दारात घुटमळला. "रोझिले, मला..."

"जा म्हटलं ना."

*

शनिवारी सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं की आल्सीदेस बाकापर्यंत चाचपडत आला. शापेकोचा व्यापारी दुपारची वेळ सांगून सकाळीच हजर झाला होता. त्याच्या ट्रकला क्रेन होती. व्यापारी भला माणूस होता. तो तुंब्याच्या फेऱ्यात बसला, पाल्याची स्तुती केली, आणि लेथच्या पायाचे बोल्ट सोडायला माणूस आत पाठवला.

जांदीर आला तेव्हा तिसरा बोल्ट निघत होता.

तो दारात उभा राहिला. "हे काय?"

"लेथ चाललाय," ओस्विनो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "पोरीच्या चाकावर तुझी गाडी आज ट्रॅकवर उतरली असती तर राहिला असता. नाही उतरली. चालायचंच. बस, घे एक."

रोझिले किटली घेऊन उभी होती. पाजायचं काम तिचं. तिने तुंबा भरला, बापाला दिला. भरला, आल्सीदेसला दिला. भरला, व्यापाऱ्याला. पुढे जांदीरची पाळी.

जांदीर बसला नाही. "ओस्विनोकाका, बोल्ट थांबवा."

"कशाला?"

"चाकात काही बिघाड नाहीये. पहिल्यातही नव्हता. ते फक्त..." त्याने बोटाने हवेत एक उलटा फेरा काढला. "उलट्या बाजूने मोजलंय. लेथ फिरतो एका दिशेने, बीटलची पुली मागून बघितली तर फिरते दुसऱ्या दिशेने. रोझिलेने लेथच्या सवयीने मोजलं, म्हणून गाळलेले दाते रेघेच्या भलत्या बाजूला गेले. चाक नुसतं पालथं घातलं की जागेवर येतात. तीन बोल्ट. मला सोमवारीच दिसलं, लाइटमध्ये."

चुलीवर एक बी फुटली.

"सोमवारी," रोझिले म्हणाली.

"हो."

"आणि म्हणालात की रेघ जागेवर आहे."

"हो. मी म्हटलं शुक्रवारी सांगू, शनिवारी सराव, काय बिघडतंय. मला लेथचं ठाऊक नव्हतं, खरंच नव्हतं. आणि काल आलो सांगायला, तर तुम्ही दुसरं..."

"का?"

जांदीरने दाराकडे पाहिलं. वर लाल अक्षरं होती, धुक्याने ओली.

"इंजिन चालू झालं की काम संपलं. काम संपलं की मी बाकावर. मला आत यायला कारण हवं होतं."

आल्सीदेसने खोकून घेतलं. व्यापारी आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"चूक माझी होती," रोझिले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लेथच्या दिशेने मोजलं. मान्य." मग ती जांदीरकडे वळली, आणि आवाज खाली आला. "पण तू ती मला सांगायची होतीस. मी रात्रभर माझे हात दिव्यापुढे धरून बसले होते, कळलं तुला? बाबांसारखे थरथरतात का ते बघत. तुला आत यायला कारण हवं होतं म्हणून."

तो 'तू' त्याच्या कानावर पडला. तिच्या तोंडून पहिल्यांदा पडला, आणि असा पडला.

तिने तुंबा भरला. फेऱ्यात जांदीरची पाळी होती. तिने तो त्याच्यासमोरून नेला आणि पुन्हा आपल्या बापाच्या हातात दिला.

बाकावरच्या माणसांनी असं कधी पाहिलं नव्हतं. ओस्विनो तुंबा हातात धरून बसला, ओठाला लावावा की नाही ते त्याला कळेना. आल्सीदेसला एकही कडवं सुचलं नाही.

रोझिले मग पाना घेऊन बीटलच्या मागे गेली. आडवी झाली. बोल्ट सोडले, चाक पालथं घातलं, बोल्ट आवळले. हात बाहेर काढला, तळवा वर.

"कार्ड."

जांदीरने छातीच्या खिशातून काढून दिलं. उमेदवाराचा चेहरा घड्यांवर झिजला होता, तरी हसत होता. तिने अंतर लावलं, सेन्सर आवळला, उठली आणि स्वतःच गाडीत बसून किल्ली फिरवली.

इंजिन एका फटक्यात लागलं. खोकणं नाही, आग नाही. तो आवाज आधी वर्कशॉपभर झाला, मग पागोळीवर, मग धुक्यात शिरला आणि खाली दरीत उतरत गेला; कुणीतरी जात्यावर बसावं तसा सरळ, भरदार, न थांबणारा. ओस्विनो उठून आत आला. थरथरता हात त्याने इंजिनाच्या झाकणावर ठेवला. गाडीच्या थरथरीत त्याची थरथर वेगळी दिसेनाशी झाली.

"म्हणजे ट्रक रिकामाच न्यायचा म्हणता?" व्यापारी म्हणाला.

"घाट उतरायला हलका बरा पडेल," ओस्विनो म्हणाला. "पाला मात्र घेऊन जा थोडा."

"मी... सरावाला जातो मग," जांदीर म्हणाला.

रोझिले गाडीतून उतरली, किल्ली तशीच ठेवली आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

*

रविवारी ती शर्यतीला गेली नाही. लेथ पुन्हा जमिनीत पक्का करायचा होता. ढिला झालेला लेथ आहे तिथेच आवळायचा की थोडा सरकवायचा, यावर ती सकाळभर विचार करत राहिली. मग बापाला म्हणाली, "भिंतीकडे घेऊया जरा."

"का?"

"उजेड बरा येतो."

उजेड दोन्हीकडे सारखाच होता. ओस्विनोने पहार लावली.

दुपारनंतर खालच्या ट्रॅकवरून आवाज यायला लागले. दहाबारा इंजिनं एकदम, चिखल उडवणारी, एकमेकांत गुंतलेली. रोझिले बोल्ट आवळत होती. मध्येच तिचा हात थांबे. त्या गलक्यातून एक आवाज तिला वेगळा काढता येत होता. तो वळणावर खाली बसे, सरळीवर उठे, पुन्हा खाली बसे. एका फेरीत तो ऐकू आला नाही. ती पाना हातात धरून उभी राहिली. मग डोंगराच्या कडेने तो परत आला, आणि तिने बोल्ट जरा जास्तच आवळला.

संध्याकाळ व्हायच्या आधी बीटल वर चढून आली. रंग ओळखू येत नव्हता. मागोमाग आणखी दोन गाड्या, दोघंही तिथलेच ड्रायव्हर. त्यांनी ओस्विनोशी हात मिळवले, रोझिलेला चाकाचं विचारलं, आपापल्या पुलीची मापं देऊन गेले. सगळ्यांत शेवटी जांदीर उतरला. भुवयांपर्यंत लाल चिखल, मध्ये फक्त डोळे.

"जिंकलास?" आतून तिने विचारलं.

"पाचवा."

"चाकामुळे?"

"चाक पहिलं आलं. ड्रायव्हर पाचवा."

एवढं बोलून तो वळला. मग सवयीने बाकाकडे गेला, कारण त्याला आता आत काही काम नव्हतं, आणि तेवढी अक्कल त्याला आली होती. पण पागोळीखाली बाक नव्हता. त्याच्या पायांनी जमिनीत पाडलेले चार खळगे होते, त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं.

त्याने आत पाहिलं. लेथ भिंतीला लागला होता. जी जागा मोकळी झाली होती तिथे, चुलीच्या उबेला, बाक. एका टोकाला आल्सीदेस बिया सोलत बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याला एक कडवं सुचलेलं दिसत होतं. ओस्विनोने त्याला कोपराने ढोसून गप्प ठेवलं होतं.

रोझिलेने पाला भरला. पहिलं पाणी सगळ्यांत कडू, ते पाजणाऱ्याने प्यायचं. ते ती प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत, सावकाश. मग दुसऱ्यांदा तुंबा भरला, बापावरून, आल्सीदेसवरून हात लांब केला, आणि तो दाराकडे धरला.

"काम आहे?" तिने विचारलं.

जांदीरने आठवून पाहिलं. वायर नवी होती. बॅटरी नवी होती. चाक तर बोलायलाच नको. छातीच्या खिशात ते कार्ड होतं, पण ते काही काम नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग बस."